पोतदाराची दुर्बीण

१८९२ च्या फेब्रुवारीची पहिली तारीख. एडिंबरो येथील वेधशाळेचे प्रमुख व स्कॉटलंडचे राजज्योतिषी राल्फ कोपलंड यांच्या टपालात त्या दिवशी एक साधे पोस्टकार्ड आले. त्याखाली सही नव्हती. सारथी या तारकासमूहात, आकाशगंगेच्या पट्ट्यात, सुमारे पाचव्या प्रतीचा एक नवा तारा दिसत आहे, एवढाच त्यातील आशय होता. मात्र ताऱ्याची जागा शेजारच्या ताऱ्यांच्या खुणा देऊन नेमकी सांगितलेली होती. निनावी पत्रास केराची टोपली दाखवावी, हा मोठ्या कचेऱ्यांचा सर्वसाधारण शिरस्ता होय. कोपलंड यांनी तो पाळला नाही. त्याच रात्री त्यांनी वेधशाळेची दुर्बीण त्या दिशेला वळविली. तारा सांगितल्या जागी होता, आणि त्याच्या प्रकाशाचा वर्णपट काढून पाहता त्यात तेजस्वी रेषा आढळल्या. पोस्टकार्ड खरे ठरले.

ते लिहिणारा इसम पुढे उजेडात आला. त्याचे नाव टॉमस डेव्हिड अँडरसन. धर्मशास्त्राचे शिक्षण त्याने घेतले होते, पण धर्मोपदेशकाची जागा काही पत्करली नव्हती. त्याला नाद आकाशाचा. त्याची साधनसामग्री म्हणजे खिशात मावेल अशी, वस्तू दसपट मोठी करून दाखविणारी एक दुर्बीण, आणि ताऱ्यांच्या नकाशांचे एक पुस्तक. त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे की, हा तारा त्याच्या दृष्टीस काही दिवस आधीच पडला होता. पण जवळच्याच एका जुन्या ताऱ्याशी त्याची गल्लत झाल्यामुळे तो स्वस्थ राहिला. नकाशा पुन्हा उघडून पाहिला तेव्हा त्याच्या ध्यानात आले की येथे एक तारा जास्त आहे. याहून मौजेची गोष्ट अशी की, अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेने आकाशाचे जे फोटो काचांवर घेऊन ठेवले होते त्यांत हाच तारा डिसेंबर १८९१ पासून उमटलेला सापडला. म्हणजे सहासात आठवडे तो कपाटात पडून होता. यंत्राने तो पाहिला होता, पण ओळखला मात्र नव्हता.

अँडरसनची ही कामगिरी योगायोगाची म्हणावी, तर २२ फेब्रुवारी १९०१ रोजी रात्रीचे दोन वाजून चाळीस मिनिटे झाली असता, अंथरुणाकडे वळण्यापूर्वी त्याने सहज म्हणून वर नजर टाकली, आणि ययाति तारकासमूहात त्याला आणखी एक नवा तारा दिसला! एकाच मनुष्याच्या वाट्यास असा योग दोनदा यावा, याला दैव म्हणणे सोपे आहे. परंतु त्या दोन रात्रींच्या मागे नुसत्या डोळ्यांनी व लहानशा नळीने पाहिलेल्या शेकडो रात्री होत्या, हे विसरून चालणार नाही. मोठ्या वेधशाळेची दुर्बीण फार खोलवरचे पाहते हे खरे. तथापि ती एका वेळी आकाशाचा नखाएवढा तुकडा पाहते, आणि तोही आधी ठरविलेला. नवा तारा कोठे प्रकट होणार हे तर कोणासच ठाऊक नसते. ज्याला जुने तारे तोंडपाठ आहेत, त्यालाच नवा तारा खटकतो. आकाशनिरीक्षणाच्या इतिहासातील हे गमक ध्यानात धरले, म्हणजे बंगालमधील जेसोर या जिल्ह्याच्या गावी सरकारी खजिन्यात नाणी पारखणाऱ्या एका गृहस्थाचे नाव हार्वर्डपर्यंत कसे पोहोचले याचे नवल वाटेनासे होते.

पण त्या गृहस्थाकडे वळण्यापूर्वी, हौशी निरीक्षकाची रात्र कशी जाते हे थोडक्यात पाहिले पाहिजे. महाराष्ट्रात हा छंद अगदीच अपरिचित नाही. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात लिहिलेल्या 'ज्योतिर्विलासा'चे दुसरे नाव 'रात्रीची दोन घटका मौज' असे आहे, आणि ते पुस्तक हाती घेऊन गच्चीवर गेलेली घरे एके काळी थोडीथोडकी नव्हती. पुण्यास १९४४ साली ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली, ती याच गोडीतून. दुर्बिणीवाचून आकाश पाहता येते. किंबहुना प्रथम तसेच पाहावे. दिव्यापासून दूर जाऊन वीसपंचवीस मिनिटे स्वस्थ बसले, म्हणजे डोळा अंधाराला सरावतो आणि मघाशी रिकामे भासणारे आकाश भरून येते. त्यानंतर हाती घ्यावयाची ती द्विनेत्री, म्हणजे दोन्ही डोळ्यांनी पाहावयाची लहान दुर्बीण. तिच्यातून पाच-सात अंशांचा आकाशभाग एकदम दिसतो व तो सुलटा दिसतो. त्यामुळे वाटा ओळखीच्या होतात. कृत्तिकांचे सहा-सात ठिपके तिच्यातून पाहताच त्यांचा घोसच्या घोस पुढे उभा राहतो. नळीची दुर्बीण यानंतरची. तिच्यात क्षेत्र अंशभर किंवा त्याहूनही कमी, आणि चित्र बहुधा उलटे. ज्याला वाट ठाऊक नाही तो तिच्यात हरवून जातो. परंतु तीन इंच व्यासाचे भिंग अंधारात विस्फारलेल्या बाहुलीच्या शंभरपटींहून अधिक प्रकाश गोळा करते, आणि नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या सहाव्या प्रतीच्या ताऱ्यांची सीमा ओलांडून अकराव्या प्रतीच्या आसपास जाऊन पोहोचते.

प्रत हा शब्द येथे वारंवार येणार आहे, म्हणून एक खुलासा. ठळक ताऱ्यांना पहिल्या प्रतीचे व कष्टाने दिसणाऱ्यांना सहाव्या प्रतीचे म्हणण्याची रीत ग्रीकांपासून चालत आली. एकोणिसाव्या शतकात तिला गणिताचा आधार मिळून असे ठरले की, पाच प्रतींचे अंतर म्हणजे तेजात बरोबर शंभरपटीचा फरक. आकडा जितका मोठा तितका तारा मंद. आणि अतितेजस्वी ताऱ्यांसाठी आकडा शून्याच्याही खाली उतरतो. अभिजित जवळजवळ शून्य प्रतीचा आहे, व्याध उणे दीड प्रतीचा.

सारेच तारे आपापल्या प्रतीला चिकटून राहत नाहीत. काहींचे तेज नियमाने वाढते व उतरते, काहींचे लहर लागेल तसे बदलते. मराठीत त्यांना रूपविकारी तारे म्हणतात. ययाति समूहातील अल्गोल अडीच-तीन दिवसांनी मंद होतो, कारण त्याचा जोडीदार त्याच्या आड येतो; तिमिंगलातील मायरा अकरा महिन्यांच्या फेऱ्यात नुसत्या डोळ्यांस ठसठशीत दिसण्यापासून पुरता नाहीसा होण्यापर्यंत जातो. असे तारे हजारो आहेत, आणि त्यांतील प्रत्येकावर नजर ठेवण्याइतके ज्योतिषी जगात कोठेच नाहीत. हार्वर्ड वेधशाळेचे संचालक एडवर्ड पिकरिंग यांनी ही अडचण १८८२ साली उघड बोलून दाखविली आणि एक पत्रक काढून हौशी लोकांस, त्यांतही विशेषेकरून सुशिक्षित स्त्रियांस, या कामात येण्याचे आवाहन केले. १९११ साली विल्यम टायलर ओलकॉट या वकिलाने, पिकरिंग यांच्याच प्रेरणेने, अशा निरीक्षकांची एक अमेरिकन संस्था उभी केली. वकील, शिक्षक, व्यापारी, शेतकरी असे तिचे सभासद. प्रत्येकाने आपल्या अंगणातून तारे पाहावयाचे, आकडे महिन्याच्या महिन्याला धाडावयाचे, आणि ते एकत्र करून आलेख काढण्याचे काम हार्वर्डने करावयाचे, अशी ही व्यवस्था होती.

राधागोविंद चंद्र यांचा जन्म १८७८ साली जेसोरजवळच्या बागचर येथे झाला. शाळेत असताना अक्षयकुमार दत्त यांचा विश्वाच्या प्रचंडपणावरील एक पाठ त्यांच्या वाचनात आला, आणि तेथून त्यांचे चित्त तारांगणाकडे लागले. घरी आजी त्यांना तारे दाखवीत असे. ही गोष्ट मराठी वाचकास मुळीच परकी वाटणार नाही. मृग कोणता, सप्तर्षी कोठे, हे ज्यांनी पुस्तकातून शिकले त्यांहून आजीच्या बोटाने शिकलेले लोक आपल्याकडे अधिक असतील. परीक्षेचा मार्ग मात्र चंद्र यांना मानवला नाही. कॉलेजचे दार उघडणारी प्रवेशपरीक्षा पुनःपुन्हा देऊनही ती त्यांना साधली नाही. अखेर जेसोरच्या कलेक्टर कचेरीतील खजिन्यात त्यांना लहानशी नोकरी मिळाली. बंगालीत त्या हुद्द्याला पोद्दार म्हणतात. मराठीतील पोतदार तो हाच. नाणे खरे की खोटे हे नजरेने, स्पर्शाने व नादाने ओळखावयाचे, हे त्यांचे दिवसाचे काम.

गावात कालिनाथ मुखर्जी नावाचे एक वकील होते. त्यांना ज्योतिषाचा व्यासंग असून त्यांनी नक्षत्रांचे पट तयार केले होते. चंद्र यांना आकाशाची शिस्तवार ओळख झाली ती त्यांच्या सहवासात. पदवी नाही, वेधशाळा नाही, परंतु शेजारी असा एक जाणता गृहस्थ आहे, एवढ्यावर एका माणसाचे आयुष्य निराळे वळण घेते. आणि असल्या शेजाऱ्यांची नोंद इतिहासात सहसा होत नाही, म्हणून ती येथे केली.

१९१० साली हॅलेचा धूमकेतू आला. चंद्र यांच्यापाशी त्या वेळी एक द्विनेत्री होती. तिच्या साह्याने त्यांनी धूमकेतूचे निरीक्षण केले आणि जे पाहिले ते बंगालीत लिहून काढले. तो लेख शांतिनिकेतनातील विज्ञानशिक्षक व बंगालीतील नामांकित विज्ञानलेखक जगदानंद राय यांच्या पाहण्यात आला, आणि आपण एक चांगली दुर्बीण घ्यावी, अशी सूचना त्यांनी चंद्र यांना केली. खजिन्यातील पगारावर दुर्बीण घेणे म्हणजे काय हे सांगावयास नको. तथापि १९१२ साली इंग्लंडहून तीन इंची दुर्बीण जेसोरला येऊन दाखल झाली.

पुढील काही वर्षे त्या दुर्बिणीने कोणताही चमत्कार दाखविला नाही. चरित्रे लिहिताना अशी वर्षे एका ओळीत संपविण्याचा प्रघात आहे. परंतु याच वर्षांत त्यांचा डोळा तयार झाला. दिवसा खजिना, रात्री आकाश. पावसाळ्याचे महिने बंगालमध्ये निरीक्षकाला जवळजवळ वायाच जातात, आणि उरलेल्या महिन्यांत धुके असते. अशा परिस्थितीत जो टिकतो त्याला आकाशाचा प्रत्येक कोपरा घराच्या अंगणासारखा परिचित होतो.

१९१८ चा जून महिना उजाडला. युरोपात महायुद्धाचे चौथे वर्ष संपत आले होते, पॅरिसवर तोफा चालल्या होत्या, आणि वर्तमानपत्रांतून ताऱ्यांना जागा मिळण्याचे ते दिवस नव्हते. बंगालमध्ये पाऊस तोंडाशी आलेला. त्या सुमारास रात्री नऊ-दहा वाजता पूर्वेकडे गरुड समूह चढू लागतो. श्रवण नक्षत्राचा ठळक तारा त्याच समूहातला. श्रवणाच्या पश्चिमेस, आकाशगंगेच्या दाट भागात, जेथे डोळ्यांत भरण्याजोगे काहीच नव्हते अशा ठिकाणी, जूनच्या पहिल्या आठवड्याअखेर चंद्र यांना एक परका तारा दिसला. नकाशात तो नव्हता. ग्रह म्हणावे तर ग्रहांची वाट तेथून जात नाही. म्हणजे हा नवतारा असला पाहिजे, असा त्यांनी निर्णय केला.

त्या दोन-तीन रात्रींत पृथ्वीच्या पाठीवर कितीतरी जणांनी स्वतंत्रपणे हाच निर्णय केला. ८ जूनला अमेरिकेत खग्रास सूर्यग्रहण होते, आणि तेथील ज्योतिषी दुर्बिणी घेऊन ग्रहणाच्या पट्ट्यात जाऊन बसले होते. दिवसा ग्रहण पाहून रात्री वर पाहतात तो गरुडात नवा पाहुणा. इंग्लंडात सफोक परगण्यातील स्टोमार्केट येथे ग्रेस कुक नावाची बाई उल्कांची मोजदाद करीत असे. रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने १९१६ साली ज्या पहिल्या स्त्रियांना सभासद करून घेतले त्यांतली ती एक. तिलाही तो ८ जूनच्या रात्री दिसला. उल्का टिपणाऱ्याला उभे आकाश पाठ असावे लागते, हे येथे पुन्हा प्रत्ययास येते. अमेरिकेतील ओहायो संस्थानात लेस्ली पेल्टियर हा अठरा वर्षांचा शेतकऱ्याचा मुलगा होता. त्याने शेतात स्ट्रॉबेरी खुडून, क्वार्टामागे दोन सेंट या हिशेबाने नऊशे क्वार्ट भरून, मिळालेल्या अठरा डॉलरांची दोन इंची दुर्बीण घेतली होती. रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षणास त्याने १ मार्च १९१८ रोजी आरंभ केला, आणि जेमतेम तीन महिने उलटले तोच त्याच्या डोळ्यांपुढे हा सोहळा उभा राहिला.

सोहळा म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. जुने फोटो तपासता असे आढळले की, तो तारा कित्येक वर्षे अकराव्या प्रतीच्या आसपास निमूटपणे तेवत होता. जूनच्या पहिल्या आठवड्यात तो उसळला आणि ९ तारखेस उणे अर्ध्या प्रतीच्या घरात जाऊन अभिजितापेक्षाही तेजस्वी झाला. मोजक्या दिवसांत सुमारे चाळीस हजार पट वाढ! १६०४ साली केप्लरने पाहिलेल्या ताऱ्यानंतर इतका तेजस्वी नवतारा कोणी पाहिला नव्हता, आणि विसाव्या शतकात पुढेही दिसला नाही. मग त्याची उतरण लागली. बारा-तेरा दिवसांत तीन प्रती कमी झाल्या, त्यानंतर तो हेलकावे खात खात मंदावत गेला व काही वर्षांनी पूर्वपदास पोहोचला. आज या घटनेचे कारण चांगलेच समजले आहे. तेथे एक तारा नसून दोन आहेत; एक श्वेत बटू, म्हणजे आकाराने पृथ्वीएवढा परंतु वस्तुमानाने सूर्याच्या जोडीचा असा जळून गेलेला तारा, आणि त्याच्याभोवती घिरट्या घालणारा एक साधा तारा. साध्या ताऱ्यातील हायड्रोजन बटूच्या पृष्ठावर साचत जातो, आणि थर पुरेसा दाट व तप्त झाला की तो अणुज्वलनाने एकाएकी भडकतो. तारा मरत नाही. वरचा थर मात्र उडून जातो. अंतर सुमारे एक हजार प्रकाशवर्षे. तेव्हा चंद्र यांनी जे १९१८ साली पाहिले ते वस्तुतः शिलाहारांच्या काळी घडून गेले होते.

चंद्र थांबले नाहीत, ही त्यांची खरी थोरवी. नवतारा पाहिला, दहा लोकांना सांगितले, आणि विषय संपला, असे बहुतेकांचे झाले असते. त्यांनी त्याच्या उतरत्या तेजाची टिपणे ठेवली आणि ती हार्वर्डला पाठविली. जेसोरचा एक कारकून, ज्याला विद्यापीठाने दारातूनच परत पाठविले होते, जगातील एका अग्रगण्य वेधशाळेला आपले आकडे कळवितो. त्या आकड्यांना तेथे किंमत आली असती की नसती? कोपलंड यांनी जी गोष्ट एका निनावी पोस्टकार्डाच्या बाबतीत केली, तीच हार्वर्डने येथे केली. लिहिणारा कोण हे न पाहता लिहिले काय हे पाहिले. तेथून पत्रे आली, तारकांचे नकाशे आले, आणि ओलकॉट यांच्या संस्थेचे सभासदत्व आले.

या कामाची रीत सांगण्याजोगी आहे, कारण तिच्यात साधेपणा व कसोशी यांचा विलक्षण मिलाफ आहे. रूपविकारी ताऱ्याभोवतालचे जे तारे बदलत नाहीत त्यांच्या प्रती नकाशावर छापलेल्या असतात. समजा, एका शेजाऱ्याची प्रत ८.४ व दुसऱ्याची ८.९ आहे, आणि आपला तारा पहिल्यापेक्षा किंचित मंद व दुसऱ्यापेक्षा बराच ठळक दिसतो. तर त्याची प्रत ८.५ किंवा ८.६ लिहावयाची. नकाशावर मात्र हे आकडे ८४ व ८९ असे छापतात, दशांशाचा ठिपका गाळून, कारण तो ठिपका चुकून ताराच समजला जाण्याची भीती! काल काय लिहिले होते ते आज मनात आणावयाचे नाही. अमुक दिवशी तारा इतका असावा अशा अपेक्षेने पाहावयाचे नाही. डोळ्याला जे दिसेल ते, आणि तेवढेच. नाण्याची पारख करणाऱ्याला ही शिस्त नवी नव्हती. नाणे खणखणले की त्याचा मालक कोण हे पोतदार विचारीत नाही.

वेळ लिहिण्याची पद्धतीही आपल्याला ओळखीची वाटेल. महिने, वर्षे व निरनिराळ्या देशांची पंचांगे यांचा घोळ टाळण्यासाठी इसवी सनापूर्वी ४७१३ व्या वर्षाच्या आरंभापासून सलग दिवस मोजतात, आणि दिवस पालटतो तो दुपारी बारा वाजता, म्हणजे युरोपातील निरीक्षकाची एक रात्र एकाच अंकाखाली येते. ८ जून १९१८ ची ग्रिनिच येथील दुपार म्हणजे २४,२१,७५३ वा दिवस. आपल्या सिद्धांतग्रंथांतील अहर्गण तो हाच प्रकार. केवळ आरंभ कलियुगाचा न धरता दुसरा धरला आहे.

१९२६ साली त्या अमेरिकन संस्थेने आपली सव्वासहा इंची दुर्बीण चंद्र यांना वापरण्यासाठी जेसोरला पाठविली. चार्ल्स एल्मर या सभासदाने ती संस्थेस दिली होती. हे औदार्य खरेच, पण त्यात हिशेबही होता. अमेरिकेत सूर्य वर असतो तेव्हा बंगालमध्ये रात्र असते. तेथील निरीक्षक झोपेतून उठण्यापूर्वी ताऱ्याने जी उचल खाल्ली असेल ती टिपण्यास पृथ्वीच्या या बाजूला एक विश्वासू डोळा हवा होता. नव्या दुर्बिणीत जुन्या तीन इंचीच्या सव्वाचार पटींहून अधिक प्रकाश येत असल्याने जे मंद तारे पूर्वी मावळल्यासारखे वाटत, त्यांचा तळापर्यंत पाठलाग करता येऊ लागला. १९२८ साली फ्रेंच सरकारने चंद्र यांना एक सन्मानपदवी दिली. फ्रान्समधील रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षकसंस्थेशीही त्यांचा संबंध होता. १९१९ च्या सुमारास सुरू झालेला हा क्रम १९५४ पर्यंत चालला आणि त्यांच्या नोंदींची संख्या सदतीस हजारांवर गेली. दिवसाला सरासरी तीन म्हटले तर आकडा लहान वाटतो. ढगांच्या, पावसाच्या, चांदण्याच्या व आजाराच्या रात्री वजा केल्या म्हणजे तो किती मोठा आहे ते कळते.

न पाहिलेल्या एका रात्रीची किंमत काय असते, हे त्या स्ट्रॉबेरी खुडणाऱ्या मुलाच्या पुढच्या आयुष्यात दिसून येते. पेल्टियर जगातील थोर हौशी निरीक्षक झाला. त्याने बारा धूमकेतू शोधले, आणि बासष्ट वर्षांत एकाही महिन्याचा अहवाल चुकविला नाही. उत्तर मुकुट समूहात एक तारा आहे. तो १८६६ साली एकदा भडकला होता. आयर्लंडातील जॉन बर्मिंगहॅम या हौशी गृहस्थाला तो रात्री घरी परतताना दिसला होता. हा पुन्हा भडकेल या आशेने पेल्टियर त्याच्यावर सुमारे पंचवीस वर्षे पाळत ठेवून होता. फेब्रुवारी १९४६ मधील एका पहाटे तो अडीच वाजता उठला, आकाश निरभ्र होते. पण सर्दीची चाहूल लागून अंगात कसर वाटली, म्हणून तो पुन्हा अंथरुणात शिरला. नेमकी तीच रात्र! ऐंशी वर्षांनी त्या ताऱ्याने उसळी घेतली ती तेव्हाच, आणि तिची बातमी दुसऱ्यांनी दिली. त्यानंतर त्या ताऱ्याविषयी आपल्या मनात पूर्वीचा जिव्हाळा राहिला नाही, असे पेल्टियरने मोकळेपणाने सांगितले आहे.

चंद्र यांच्यापुढे संकट आले ते निराळ्या जातीचे. १९४७ साली देशाची फाळणी झाली आणि जेसोर पूर्व पाकिस्तानात गेले. ज्या अंगणातून त्यांनी तीन तपे आकाश पाहिले ते परदेशात पडले. उतारवयात घर सोडून ते पश्चिम बंगालमध्ये बारासात येथे आले. निर्वासिताच्या सामानात दुर्बीण असावी, तीही आपल्या मालकीची नव्हे तर सात समुद्रांपलीकडच्या लोकांनी विश्वासाने दिलेली, या प्रसंगाची कल्पना श्रोत्यांनीच करावी. आकाश तेच होते. पण निरीक्षकाला नुसते आकाश पुरत नाही, त्याला पाय रोवण्यास जागा व स्वस्थता लागते. १९५४ नंतर त्यांची नियमित निरीक्षणे थांबली. ३ एप्रिल १९७५ रोजी बारासात येथे त्यांचे निधन झाले.

सव्वासहा इंची दुर्बीण त्यांच्यानंतर वेणू बाप्पू यांच्याकडे गेली. बाप्पू हे हैदराबादेस विद्यार्थी असताना स्वतःही रूपविकारी तारेच पाहत असत. १९४९ साली अमेरिकेत शिकत असता त्यांच्या नावाचा धूमकेतू सापडला, आणि पुढे भारतातील आधुनिक वेधशाळांची उभारणी त्यांच्या हातून झाली. तमिळनाडूतील जवादी टेकड्यांत कावलूर येथे त्यांनी जी वेधशाळा वसविली तेथे त्यांचेच नाव दिलेली २.३४ मीटर व्यासाची मोठी दुर्बीण १९८६ साली कार्यान्वित झाली. जेसोरच्या पोतदाराची ती सव्वासहा इंची दुर्बीणही अखेर त्याच कावलूरला जाऊन पोहोचली.